आधी विका, मग विकू नका

५ एप्रिल

आई, नमस्कार.

फोनच केला असता. पण हल्ली फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. आमच्या ऑफिसात सगळ्या भिंती काचेच्या आहेत, आणि घरी तुमचा लेक क्रिकेट बघत असतो.

आम्हा ऑडिटरांना दरवर्षी लिहून द्यावं लागतं की आपले आणि नवऱ्याचे कुठकुठल्या कंपनीत शेअर आहेत. मी दरवर्षी 'नाहीत' लिहिते. यंदा सहज विचारलं, तर हा दात घासता घासता म्हणाला, "आईबरोबर आहेत ना कसले तरी. पलंगवाल्यांचे." मी म्हटलं, मला कधी बोलला नाहीस? तर म्हणे, "आईने कागद पुढे केला, मी सही केली. आईला कोण विचारतं कसला कागद म्हणून?"

तर ही ती हॉस्पिटलचे पलंग आणि व्हीलचेअर बनवणारी कंपनी. शेअरवर पहिलं नाव तुमचं, दुसरं ह्याचं. आणि नेमकं गेल्या आठवड्यात त्याच कंपनीचं ऑडिट माझ्याकडे आलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, आता पहिल्यांदा एका कामाची प्रमुख झालेय.

नियम असा, की ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांच्यात आपला किंवा नवऱ्याचा पैसा असता कामा नये. एक शेअरसुद्धा नाही. मी 'विकण्याची व्यवस्था चालू आहे' असं लिहून पंधरा दिवसांची मुदत मागितली आहे. तेवढ्यात विकून टाका, प्लीज. कंपनीबद्दल मी बरंवाईट काही म्हणत नाहीये. मी अजून तिथे पाऊलही टाकलेलं नाही.

तुमची सून

११ एप्रिल

अगं,

पत्र मिळालं. पुन्हापुन्हा वाचलं आणि डोकं भणभणलं.

ते शेअर मी उगाच नाही घेतले. माझ्या वॉर्डात सगळे पलंग त्यांचे होते. डोक्याकडची बाजू वर करायचं हँडल एका हाताने फिरतं. दुसऱ्या हाताने पेशंटला धरता येतं. ज्याने ते बनवलं त्याला नर्सला हात किती असतात ते माहीत होतं. बाकीच्यांच्या पलंगांना चार हात लागायचे. तुझे सासरे गेल्यावर चार पैसे हातात आले, तेव्हा म्हटलं, टाकायचे तर ह्यांच्यात.

आता तू म्हणतेस विका, आणि वर लिहितेस की कंपनीबद्दल काही म्हणत नाहीये. सून इतकं जपून काही म्हणत नसली की सासूला बरंच काही ऐकू येतं, कान गेले तरी. डॉक्टर नातेवाइकांना "काळजीचं काही नाही" म्हणायचे, तेव्हाच आम्ही पलंगाभोवती पडदा ओढायला घ्यायचो.

सरळ सांग, बुडतेय का? मी काही गावभर करणार नाही. आणि नुसता नियमच असेल, तर हा कसला नियम? तू काय माझ्या चिमूटभर शेअरसाठी खोटं लिहिणार आहेस? तुला तसं समजतात का तिथे?

मी घाई करणार नाही. खालच्या मजल्यावरच्या मेट्रनशी बोलते. वॉर्डात मी तिच्या हाताखाली होते, शेअर घ्यायलाही तिनेच शिकवलं. ती शांत डोक्याची आहे. आपल्या घरात तेवढंच नाही.

आई

२ मे

आई,

आता विकू नका.

मला कळतंय हे वाचून तुम्ही काय म्हणाल. महिन्यापूर्वी मीच विका म्हणून मागे लागले होते. पण महिन्यापूर्वी विकले असते, तर एक साधं काम झालं असतं. आता विकलेत तर ते काम साधं राहत नाही. का, ते सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' ह्याच्यामागे काहीतरी आहे असं समजू नका, आणि काही नाही असंही समजू नका. काहीच समजू नका.

चूक माझी आहे. तुम्ही 'घाई करणार नाही' लिहिलं होतंत, तरी मुदत संपेपर्यंत विकून मोकळ्या झाल्या असाल असं मी धरून चालले. तुमच्या लेकाला विचारलं तर तो "झालं असेल" म्हणाला, आणि त्याच्या 'असेल'वर विसंबून मी कारखान्यात कामाला लागले. काल तुमच्या दोघांच्या शेअरचं स्टेटमेंट आमच्या पत्त्यावर आलं तेव्हा कळलं, सगळे शेअर जागच्या जागी.

तुम्ही विचारलंत, तुला तसं समजतात का? नाही समजत. पण बाहेरचा माणूस, ज्याने मला कधी पाहिलं नाही, तो माझ्या सहीवर भरवसा ठेवून ह्या कंपनीला कर्ज देतो, माल देतो, तिच्यात पैसे घालतो. मी चांगली आहे की वाईट हे त्याने कुठून ओळखायचं? म्हणून माझा पैसा तिथे नाही, एवढं तरी त्याला नक्की माहीत असावं. हे पटत नसेल तर पटवून घेऊ नका, पण ऐका.

मी ऑफिसात सांगून टाकणार आहे. पुढचं ते ठरवतील. तुम्ही काहीही करू नका. विकू नका, हलवू नका, आणि मेट्रनबाईंशी ह्यातलं अक्षर बोलू नका.

९ मे

अगं, आलं लक्षात!

आधी विका, मग जीव तोडून विकू नका. मधे तू कारखाना बघून आलीस. मी वॉर्डात आयुष्य काढलंय, चेहऱ्यावरून ताप ओळखते. एवढं पत्रावरून कळणार नाही का मला? काळजी करू नकोस, तू काहीही सांगितलेलं नाहीस.

मी आणखी घेतले. बँकेतली ठेव ह्याच महिन्यात सुटली होती, त्यातली निम्मी घातली. ह्या वेळी नुसते माझ्या नावावर घेतले, तुझ्या नवऱ्याला, गुंड्याला, त्यात ओढलं नाही. बघ, नियम पाळला की नाही?

आणि मेट्रननेही घेतले. तुझं नाव मी घेतलं नाही हं. एवढंच म्हटलं, माझ्या माहितीतल्या एका शहाण्या माणसाने विकायचं नाही म्हणून बजावलंय. ती हसली. माझ्या माहितीत शहाणं माणूस एकच आहे, हे तिला माहीत आहे. तिने दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे घातले. म्हणाली, भाव वाढला तर चांगल्या हॉस्पिटलात करीन, स्वतंत्र खोली घेईन. जिना उतरताना कठड्याला लोंबकळत उतरते बिचारी. तुला दुवा देतेय.

आई

१४ मे

आई,

मी काय लिहिलं होतं? 'विकू नका.' ह्याचा अर्थ विकू नका. 'घ्या' असा होत नाही. कुठल्याही भाषेत होत नाही.

तुमचं पत्र घेऊन मी सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. ते आमच्या फर्मचे मालकच म्हणायचे, ह्या कंपनीच्या कागदांवर शेवटची सही त्यांची असते. मी सगळं सांगितलं. शेअर, मुदत, नवऱ्याचं 'झालं असेल', तुम्ही, मेट्रनबाई. त्यांनी ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे तू सांगितलंस हे चांगलं केलंस. आता ह्या कामातून बाजूला हो." संध्याकाळपर्यंत फाइली पलीकडच्या टेबलावर गेल्या. ज्याच्याकडे गेल्या तो हुशार आहे. साहेबांना काय ऐकायला आवडतं हे त्याला बरोबर कळतं.

आता मी चहा घ्यायला गेले की गप्पा थांबतात. सासूला टिप दिली म्हणे. ज्यांनी फॉर्म न वाचता वर्षानुवर्षं 'नाहीत' लिहिलं, ते माझ्याकडे बघून मान हलवतात.

मी चिडलेय. तुमच्यावर, ह्याच्यावर, स्वतःवर. पहिल्या पत्राआधी एकदा येऊन समोर बसून बोलायला हवं होतं.

मेट्रनबाईंना सांगा की… नाही, काही सांगू नका. बघा, मला हेसुद्धा सांगता येत नाही. विका म्हटलं तरी मी काहीतरी सांगितलं, ठेवा म्हटलं तरी सांगितलं. ह्या विषयावर मी आता तुम्हाला काहीही लिहिणार नाही.

२८ जून

अगं,

दीड महिना झाला. रुसवा पुरे झाला आता.

तुझ्या कंपनीचे हिशेब पेपरात आले. तुझी नाही म्हणायची आता, कळलं, पण घरात आम्ही तसंच म्हणतो. विक्री वाढली, नफा वाढला, आणि ऑडिटरने कुठेही बोट ठेवलेलं नाही. शेअर असा वर गेला की मेट्रनने केक आणला. स्वतः जिना चढून आणला, धापा टाकत. ऑक्टोबरमधली ऑपरेशनची तारीख घेतलीय तिने. खिडकीजवळची खोली मागितलीय.

गुंड्या एकटाच आला. केकचे दोन तुकडे खाल्ले. तू का नाही आलीस विचारलं तर म्हणाला, "दमलीय." कशाने दमलीस? ते काम तर काढून घेतलं ना तुझ्याकडून? मेट्रन सारखी म्हणत होती, तिला माझ्या हाताने भरवायचाय. मला लाज वाटली. काय सांगू तिला, की सून माझ्याशी बोलत नाही?

एक विचारते. आता वर गेलाय, तर विकू का? मेट्रनलाही विकायला सांगू का? आता तुझा काही संबंध उरलेला नाही, मग सांगायला काय हरकत आहे? नुसतं हो किंवा नाही लिही. कारण नको.

आई

३ जुलै

आई,

हो लिहिता येत नाही. नाहीही लिहिता येत नाही. काम काढून घेतलं म्हणून जे पाहिलं ते डोक्यातून काढून घेता येत नाही.

मला बरं नाही असं मेट्रनबाईंना सांगा. ते खरंच आहे.

१७ सप्टेंबर

सूनबाई,

पेपर वाचला. शेजारणीने आणून दिला, बातमीवर बोट ठेवून. पलंगवाल्या कंपनीने न झालेली विक्री दाखवली, चौकशी चालू आहे, फर्ममधल्याच एका ऑडिटरने तक्रार केली. नाव नाही छापलेलं. माझ्यासाठी छापायची गरज नव्हती.

शेअर धाडकन खाली आला. विकायला गेलं तर घेणारं कोणी नाही. माझं सोड, मला पेन्शन आहे, दोन वेळचं पोट भरतं. मेट्रनने ऑपरेशनची तारीख परत केली. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच बसले होते. "सध्या नको" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

चौकशीवाली दोन माणसं माझ्याकडेही येऊन गेली. सुनेने काही सांगितलं होतं का? मी म्हटलं, हो, सांगितलं. आधी विका म्हणाली, मी विकले नाहीत. मग विकू नका म्हणाली, मी आणखी घेतले. मग काहीच सांगणार नाही म्हणाली, आणि मी जास्तच खूश झाले. त्यातला धाकटा हसला. मी त्याला म्हटलं, हसू नकोस, एका बाईचे गुडघे गेलेत ह्यात.

मला तुझ्याकडून फक्त एक हवंय. मेट्रनने केक कापला तेव्हा तुला माहीत होतं का? हो की नाही. आता तरी सांगता येतं ना?

२१ सप्टेंबर

आई,

हो. माहीत होतं.

आता सगळं बाहेर आलंय, म्हणून लिहिता येतं. एप्रिलच्या शेवटी मी त्यांच्या एका डीलरचं गोदाम बघायला गेले. कागदावर असं होतं की वर्षाच्या अगदी शेवटच्या आठवड्यात त्याने ढिगाने पलंग विकत घेतले. गोदामात पलंग होते. छतापर्यंत, प्लॅस्टिकात गुंडाळलेले. मी त्या माणसाला सहज विचारलं, एवढे खपतात का हो तुमच्याकडे? तो म्हणाला, "छे, हे आमचे कुठे आहेत? ठेवायला दिलेत. जूनमध्ये परत नेणार. जागेचं भाडं देतात." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट 'ताईंना चहा दे' म्हणून पोराला हाक मारली त्याने.

माल खरोखर दुसऱ्याचा झाला तरच ती विक्री. परत यायचाच असेल तर तो नुसता फिरून आलेला माल. हा आमच्या धंद्यातला अगदी पहिल्या इयत्तेतला नियम आहे. मी आणखी दोन गोदामं पाहिली, तिथेही तेच. सगळं लिहून काढलं. मग मला बाजूला केलं, आणि माझ्या जागी आलेल्याने त्याच्याखाली लिहिलं, 'चर्चेअंती समाधान झाले.' मी साहेबांना भेटले. ते म्हणाले, "जुने क्लायंट आहेत, पुढच्या वर्षी सुधारून घेऊ. आणि तू ह्यावर बोलावंस असं मला वाटत नाही. तुझ्या सासूबाईंचे शेअर आहेत." म्हणजे मी खरं बोलून जो धोंडा पायावर पाडून घेतला, तोच त्यांनी उचलून मला दाखवला.

हिशेब छापून आले आणि तुमचं केकचं पत्र आलं. तेव्हाच मी बाहेर तक्रार करायचं ठरवलं. तक्रारीवर सही करताना मला माहीत होतं की मी मेट्रनबाईंच्या गुडघ्यांवर सही करतेय. आदल्या दिवशी फोन हातात घेतला होता. एवढंच म्हणायचं होतं, "त्यांना विकायला सांगा." तुम्ही ऐकलं असतं, त्या वेळी नक्की ऐकलं असतं. पण त्यांचे शेअर कोणीतरी विकत घेतलेच असते ना? जे मला माहीत आहे ते त्या माणसाला माहीत नसतं. त्याच्याही घरात कोणाचं ऑपरेशन असेल. मेट्रनबाईंना मी ओळखते आणि त्याला ओळखत नाही, एवढाच फरक. मी फोन खाली ठेवला.

बरोबर वागल्याचं समाधान असतं म्हणतात. मला ते कुठे सापडलं नाही. मला ऑफिसने घरी बसवलंय. पगार देतात, काम देत नाहीत. साहेब त्यांच्या खुर्चीवर आहेत. कंपनी म्हणते गैरसमज झाला. मेट्रनबाईंच्या ऑपरेशनचे पैसे मी द्यायला निघाले होते, तर वकील म्हणाला, दिलेत तर टिप दिल्याची कबुली ठरेल. म्हणजे तेही नाही. चीड येते, आई. भिंतीवर डोकं आपटावं इतकी चीड येते.

तुम्ही रागावा. पण मी हे पुन्हा तसंच करीन, हेही तुम्हाला माहीत असलेलं बरं.

३० सप्टेंबर

अगं,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे.

तुला एक कधी सांगितलं नाही. तुझे सासरे शेवटच्या आजारात माझ्याच वॉर्डात आले होते. आल्या दिवशीच मेट्रनने मला खालच्या मजल्यावर पाठवलं. घरच्या माणसाच्या पलंगाला हात लावायचा नाही, असा नियम. मी तिला भर वॉर्डात वाट्टेल ते बोलले. ह्यांची नाडी माझ्यापेक्षा कोणाला कळते, म्हटलं. ती म्हणाली, "म्हणूनच." मी खाली परक्यांचे ताप बघत होते आणि वर हे गेले. मला बोलवायला ती स्वतः आली. मी कित्येक महिने तिच्याशी बोलले नाही.

परवा तुझं पत्र तिच्याकडे घेऊन गेले. वाचून दाखवलं, सगळं. गुडघ्यांवर सही केली ते वाक्यसुद्धा. वाटलं, ही तरी समजून घेईल. तिने ऐकलं आणि म्हणाली, "तिने बरोबर केलं. पण गुडघे माझे आहेत. मला राग येऊ दे."

मी म्हटलं, एका गुडघ्याचे पैसे मी देते, उरलेली ठेव आहे माझी. म्हणाली, "मग काय एका पायावर उड्या मारू?" पण नाही म्हणाली नाही. वकिलाला विचारायला मी जाणार नाही, आणि तूही विचारू नकोस.

मला तुझा नियम कळला. आवडला नाही, अजून आवडत नाही. पण कळला. आणि तुझ्या त्या साहेबाचा तुला येतो तेवढाच मलाही संताप आलाय.

रविवारी मेट्रन माझ्याकडे येणार आहे. तूही ये. गुंड्याला आणू नकोस, तो मधे मधे हसतो. ती तुला बोलेल, आणि चांगलं झणझणीत बोलेल. बोलू दे. तू समजावायला जाऊ नकोस, समजलेलंच आहे तिला. मी तिला थांबवणार नाही आणि तुझी बाजूही घेणार नाही.

पण बसायचं कुठे ते मी ठरवलंय. ती समोर बसेल. मी तुझ्या बाजूला बसेन.

आई